गाण्याचा मालक कसा शोधावा: अमेरिकी लोकप्रिय संगीतातील वर्णभेद आणि वृत्तांकन अभ्यासणाऱ्या नवोदितांसाठी

अमेरिकी लोकप्रिय संगीताविषयी मराठीत लिहू पाहणारा, पॉडकास्ट करणारा किंवा महाविद्यालयात प्रकल्प सादर करणारा नवोदित कधी ना कधी दोन विधानांपाशी येऊन थांबतो. गोऱ्या गायकांनी कृष्णवर्णीयांची गाणी चोरली, हे एक. आणि मायकल जॅक्सनने बीटल्सची गाणी बळकावली, हे दुसरे. दोन्ही विधाने ठाम आहेत आणि दोन्हींत काही तथ्यही आहे. परंतु नेमका कोणता हक्क, कोणाकडून, केव्हा आणि किती रकमेला गेला, याचा पत्ता दोन्हींतून लागत नाही. वर्णभेदाचा शोध माणसांच्या स्वभावात घेण्याआधी तो कागदात घ्यावा, म्हणजे करारपत्रात, तबकडीवरील लेबलात आणि लोकप्रियतेच्या याद्यांत घ्यावा, असे माझे मत आहे. वृत्तपत्रांना भांडण छापायला आवडते, कागद छापायला आवडत नाही. म्हणून पुढील क्रमाने काम करावे.

पायरी १: दोन हक्क वेगळे करावेत

प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यात किमान दोन स्वतंत्र मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक रचना. ती गीतकार-संगीतकाराची असते आणि बहुधा करारान्वये संगीत प्रकाशकाकडे जाते. त्या रचनेचे विशिष्ट ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात, ती दुसरी मालमत्ता. ती बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीची असते. या दोहोंची गल्लत झाली की पुढचे सगळे विवेचन फसते.

बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने १९५२ साली ‘हाउंड डॉग’ ध्वनिमुद्रित केले आणि १९५३ मध्ये ते कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. १९५६ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली या गौरवर्णीय गायकाने ते गायले आणि त्याचा जगभर गाजावाजा झाला. ‘एल्व्हिसने थॉर्नटनचे गाणे चोरले’ असे जे म्हटले जाते ते रचनेच्या बाबतीत खरे नाही, कारण ते गाणे जेरी लिबर आणि माइक स्टोलर या दोन गौरवर्णीय तरुणांनी लिहिले होते. थॉर्नटनवरील अन्याय दुसऱ्या जागी आहे. तिच्या गायकीने त्या गाण्याला जो घाट दिला त्याला कायद्यात काही किंमत नव्हती, आणि या गाण्याचे म्हणून आपल्याला ५०० डॉलरचा एकच धनादेश मिळाला, असे ती पुढे सांगत असे. याउलट ‘बॉल अँड चेन’ हे गाणे तिने स्वतः रचले होते. जॅनिस जॉपलिन या गौरवर्णीय गायिकेने ते प्रसिद्धीच्या शिखरावर नेले तेव्हा त्याचे हक्क आधीच एका लहान रेकॉर्ड कंपनीकडे गेलेले होते. एकाच गायिकेच्या आयुष्यातील हे दोन अन्याय वेगवेगळ्या जातीचे आहेत आणि तुमच्या लेखात ते वेगळे दिसले पाहिजेत.

येथे कायद्याची दोन कलमे ध्यानात ठेवावीत. अमेरिकेच्या १९०९ च्या कॉपीराइट कायद्यानुसार एखादे गाणे मालकाच्या संमतीने एकदा ध्वनिमुद्रित झाले की, ठरलेली रक्कम भरून ते कोणालाही पुन्हा ध्वनिमुद्रित करता येई; ही रक्कम १९७८ पर्यंत प्रति नग दोन सेंट इतकीच राहिली. त्यामुळे पॅट बून या गौरवर्णीय गायकाला कृष्णवर्णीय लिटल रिचर्डचे ‘टूटी फ्रूटी’ गाण्यासाठी त्याची परवानगी घ्यावी लागली नाही. दुसरे असे की, अमेरिकेत नभोवाणीवर गाणे वाजले तर रचनाकार आणि प्रकाशक यांना पैसे मिळतात, गायकाला आणि मास्टरच्या मालकाला मिळत नाहीत. हा नियम सर्व वर्णांच्या गायकांना सारखाच लागू होता. परंतु ज्यांना लिहिण्याचे श्रेयही मिळाले नाही आणि प्रकाशन संस्था काढण्याइतके भांडवलही नव्हते, त्यांच्यावर त्याचा बोजा कितीतरी पटींनी अधिक पडला.

पायरी २: लेबलवरील नावे वाचावीत

जुन्या तबकडीवर गाण्याच्या नावाखाली कंसात रचनाकारांची नावे छापलेली असतात. ‘डिस्कॉग्ज’ या संकेतस्थळावर अशा लेबलांची छायाचित्रे विपुल आहेत आणि एकाच गाण्याच्या निरनिराळ्या वर्षांच्या आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवून पाहता येतात. नवोदिताने पहिले काम हेच करावे, कारण नावे बदलतात, आणि ती का बदलली हाच बहुधा तुमच्या लेखाचा गाभा असतो.

कृष्णवर्णीय गायक-रचनाकार चक बेरीचे ‘मेबेलीन’ १९५५ मध्ये चेस रेकॉर्ड्सने काढले. त्यावर बेरीच्या जोडीला ॲलन फ्रीड आणि रस फ्रॅटो अशी आणखी दोन नावे लागली. फ्रीड हा त्या काळचा नामांकित रेडिओ निवेदक होता आणि फ्रॅटो हा कंपनीशी व्यावहारिक संबंध असलेला गृहस्थ. गाण्याच्या रचनेत या दोघांचा काहीही हात नव्हता. नाव लावले की रॉयल्टीत वाटा मिळे, आणि वाटा मिळाला की निवेदक ते गाणे वारंवार लावी. ही नावे निघायला १९८६ साल उजाडले. मात्र याच फ्रीडने कृष्णवर्णीयांचे संगीत गौरवर्णीय तरुणांच्या कानांवर घातले, हेही तितकेच खरे आहे, आणि त्याला केवळ खलनायक ठरवणारा लेख अर्धवट राहतो.

बेरीचेच दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. बीच बॉइज या गौरवर्णीय गटाचे ‘सर्फिन यू.एस.ए.’ १९६३ मध्ये आले. त्याची चाल बेरीच्या ‘स्वीट लिटल सिक्स्टीन’ची होती, पण श्रेय गटातील ब्रायन विल्सनचे होते. हरकत घेतली गेली, हक्क बेरीच्या प्रकाशकाकडे आले आणि पुढच्या आवृत्त्यांवर बेरीचे नाव छापले गेले. येथे न्याय झाला, असे लिहून मोकळे होण्याआधी हा प्रकाशक कोण होता ते पाहावे. आर्क म्युझिक ही संस्था चेस बंधू आणि त्यांच्या भागीदारांची होती; म्हणजे प्रकाशकाचा वाटा पुन्हा त्याच घरात गेला.

आजच्या नोंदी शोधण्यासाठी रचनाकार-प्रकाशकांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या ॲस्कॅप आणि बीएमआय या अमेरिकी संस्थांची ‘साँगव्ह्यू’ ही सामाईक सूची विनामूल्य उघडते. तिच्यात रचनाकार, प्रकाशक आणि या संस्थांकडील टक्केवारी दिसते. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या १९७८ पासूनच्या नोंदी ऑनलाइन शोधता येतात आणि त्याआधीच्या वार्षिक सूचींचे छापील खंड स्कॅन करून ठेवलेले आहेत. खंड चाळण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

पायरी ३: मालकीचा क्रम तारखांसह लावावा

जमिनीच्या सातबाऱ्यावरील फेरफार जसे एकाखाली एक वाचतात, तसे गाण्याचे हस्तांतर वाचावे. सरावासाठी, बीटल्सच्या बहुतेक गाण्यांचे प्रकाशनहक्क ज्यात होते त्या एटीव्ही संग्रहाइतके चांगले प्रकरण नाही, कारण त्याविषयी जितके लिहिले गेले तितकेच चुकीचेही लिहिले गेले.

बीटल्समधील लेनन आणि मॅकार्टनी यांच्या रचनांसाठी १९६३ मध्ये नॉर्दर्न साँग्ज ही कंपनी स्थापन झाली. १९६५ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. १९६९ मध्ये ल्यू ग्रेड यांच्या एटीव्ही या ब्रिटिश दूरचित्रवाणी कंपनीने तिचा ताबा मिळवला. गाणी बीटल्सच्या हातून गेली ती येथे, जॅक्सन दहा-अकरा वर्षांचा होता तेव्हा. पुढे एटीव्ही रॉबर्ट होम्स अ कोर्ट या ऑस्ट्रेलियन उद्योजकाकडे गेली आणि १९८५ मध्ये जॅक्सनने तिचा सुमारे ४,००० गाण्यांचा संग्रह ४ कोटी ७५ लाख डॉलरला विकत घेतला. ‘पेनी लेन’ एवढे एक गाणे विक्रेत्याने आपल्या मुलीसाठी बाजूला काढून ठेवले होते. १९९५ मध्ये जॅक्सन आणि सोनी यांनी आपापले संग्रह एकत्र करून सोनी/एटीव्ही ही भागीदारी केली आणि २०१६ मध्ये सोनीने जॅक्सनच्या वारसांचा निम्मा हिस्सा ७५ कोटी डॉलरला घेतला.

आता या क्रमाशेजारी चार दुरुस्त्या लिहून ठेवाव्यात. बीटल्सची सगळी गाणी या संग्रहात नव्हती. ‘लव्ह मी डू’ त्यात नव्हते आणि बीटल्समधीलच जॉर्ज हॅरिसनच्या नंतरच्या रचनाही नव्हत्या. ध्वनिमुद्रणे जॅक्सनकडे कधीच नव्हती, ती ईएमआय या रेकॉर्ड कंपनीकडे होती. मॅकार्टनीला रचनाकार म्हणून मिळणारा वाटा विक्रीनंतरही सुरूच राहिला. आणि चौथी गोष्ट, जी बातम्यांत क्वचितच येते: याच संग्रहात लिटल रिचर्डचीही गाणी होती. ‘टूटी फ्रूटी’चे प्रकाशनहक्क ५० डॉलरला दिले, असे तो सांगत असे. १९८४ मध्ये, म्हणजे जॅक्सनच्या खरेदीच्या आदल्या वर्षी, त्याने आपली जुनी कंपनी स्पेशल्टी रेकॉर्ड्स, तिची प्रकाशन संस्था आणि एटीव्ही यांच्यावर थकलेल्या रॉयल्टीसाठी ११ कोटी २० लाख डॉलरचा दावा लावला आणि तो पुढे न्यायालयाबाहेर मिटला. एकाच कपाटात लिव्हरपूलचे दोन तरुण आणि जॉर्जिया राज्यातील मेकनचा हा कृष्णवर्णीय गायक शेजारीशेजारी होते, पण मथळ्यात जागा मिळाली ती पहिल्या दोघांना. वृत्तांकनातील पक्षपात केवळ कठोर शब्दांत नसतो, कोणाला वगळले यातही तो असतो.

पायरी ४: हक्क परत मिळण्याच्या वाटा पाहाव्यात

विकलेले गाणे कायमचे गेले, असे गृहीत धरू नये. १९७८ नंतर केलेल्या हस्तांतरांच्या बाबतीत अमेरिकी कायदा रचनाकाराला साधारणपणे ३५ वर्षांनी हक्क परत मागण्याची मुभा देतो. त्याआधीच्या गाण्यांसाठी ही मुदत ५६ वर्षांची आहे. नोटीस बरीच आधी द्यावी लागते. मॅकार्टनीने याच तरतुदीवर बोट ठेवून जानेवारी २०१७ मध्ये सोनी/एटीव्हीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दावा लावला आणि त्याच वर्षी गोपनीय तडजोड झाली. मात्र ध्वनिमुद्रण हे ‘नोकरीत केलेले काम’ आहे असा युक्तिवाद कंपन्या करतात, आणि तसे ठरले तर ही वाट बंद होते.

ब्रिटिश साम्राज्यातील वाट निराळी होती. झुलू गायक सॉलोमन लिंडा याने १९३९ मध्ये जोहान्सबर्ग येथे ‘म्बूबे’ ध्वनिमुद्रित केले आणि त्याचे हक्क अवघ्या दहा शिलिंगांना गेले. पीट सीगर या गौरवर्णीय लोकगायकाच्या वीव्हर्स या गटाने ते अमेरिकेत ‘विमोवे’ म्हणून गायले. लेबलवर रचनाकार म्हणून ‘पॉल कॅम्बेल’ हे नाव आले, जे पारंपरिक गाण्यांसाठी हा गट वापरत असलेले काल्पनिक नाव होते. झुलू माणसाचे गाणे म्हणजे कोणाचेच नसलेले लोकगीत, ही समजूत त्या दोन शब्दांत उघडी पडते. सीगरने पुढे लिंडाला पैसे पाठवले, पण व्यवस्था बदलली नाही. १९६१ मध्ये टोकन्स या गटाने तेच गाणे नव्या इंग्रजी शब्दांसह ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ म्हणून जगभर नेले. लिंडा १९६२ मध्ये दारिद्र्यात वारला. १९११ च्या ब्रिटिश कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी हक्क वारसांकडे परत जाण्याची तरतूद होती. तिच्या आधारे २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, ‘द लायन किंग’मध्ये हे गाणे वापरणाऱ्या डिस्नीविरुद्ध दावा लावण्यात आला आणि २००६ मध्ये वारसांना मान्य होईल अशी तडजोड झाली. या प्रकरणाला वाचा फोडली ती रिअन मलान या दक्षिण आफ्रिकी पत्रकाराने २००० मध्ये ‘रोलिंग स्टोन’मध्ये लिहिलेल्या दीर्घ लेखाने, म्हणजे माध्यमे येथे उपयोगीही पडली.

पायरी ५: याद्या आणि वाहिन्यांची विभागणी तपासावी

गाण्याची किंमत ते किती जणांपर्यंत पोहोचते यावर ठरते, आणि पोहोच ठरवणारी विभागणी उघडपणे वर्णावर आधारलेली होती. बिलबोर्ड नियतकालिकाने १९४२ मध्ये ‘हार्लेम हिट परेड’ नावाची यादी सुरू केली, १९४५ मध्ये तिचे नाव ‘रेस रेकॉर्ड्स’ झाले आणि १९४९ मध्ये ‘रिदम अँड ब्लूज’. नाव सभ्य झाले, वेगळी यादी राहिली.

१ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झालेल्या एमटीव्ही या संगीत वाहिनीने सुरुवातीला कृष्णवर्णीय कलावंतांचे व्हिडिओ फार कमी दाखवले. ‘आम्ही रॉक वाहिनी आहोत’ हे तिचे समर्थन होते. १९८३ मध्ये डेव्हिड बोवी या ब्रिटिश गायकाने वाहिनीच्याच मुलाखतकाराला कॅमेऱ्यासमोर याविषयी छेडले. त्याच वर्षी मायकल जॅक्सनचे ‘बिली जीन’ दाखवले गेले. त्याच्या कंपनीचे, म्हणजे सीबीएस रेकॉर्ड्सचे, प्रमुख वॉल्टर येट्निकॉफ यांनी आपले सगळे व्हिडिओ काढून घेण्याची धमकी दिली होती असे एक बाजू सांगते, तर वाहिनीची माणसे ते नाकारतात. असे दोन दावे समोर आले की दोन्ही नोंदवावेत. आकर्षक कथेच्या मोहाने एक निवडू नये.

हा प्रकार इतिहासजमा झालेला नाही. २०१९ मध्ये लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय कलावंताचे ‘ओल्ड टाउन रोड’ बिलबोर्डने, गौरवर्णीयांचे मानल्या जाणाऱ्या कंट्री संगीताच्या यादीतून काढले, त्यात कंट्रीचे पुरेसे घटक नाहीत या कारणावरून. मुख्य यादीत ते १९ आठवडे पहिले राहिले. ‘घटक’ कोणी मोजले आणि तोच निकष इतरांना लावला का, हे प्रश्न येथे विचारावेत.

पायरी ६: बातमी शेजारी ठेवून वाचावी

आता कागद हाताशी आहेत, तेव्हाच बातम्यांकडे वळावे. प्रथम क्रियापद पाहावे: ‘विकत घेतली’ आहे की ‘हिसकावली’? मग तसाच व्यवहार दुसऱ्या कोणी केला तेव्हा काय छापले गेले, ते शोधावे. मॅकार्टनीच्या एमपीएल या कंपनीने १९७० च्या दशकात बडी हॉली या आधीच्या पिढीतील रॉक गायकाची गाणी विकत घेतली होती. दुसऱ्याची गाणी घेणे हा या धंद्यातला रोजचा व्यवहार आहे. १९८७ मध्ये नाइकीच्या जाहिरातीत बीटल्सचे ‘रेव्होल्यूशन’ वाजले तेव्हा चाहत्यांचा रोष जॅक्सनवर निघाला. पण मूळ ध्वनिमुद्रण वापरायला दुसऱ्या हक्काच्या मालकाचीही परवानगी लागते, आणि बीटल्सच्या ॲपल कंपनीने दावा लावला तो नाइकी, तिची जाहिरात संस्था आणि ईएमआय-कॅपिटॉल यांच्यावर. पहिली पायरी नीट चढलेला वाचक येथे फसत नाही.

याचा अर्थ जॅक्सनचे प्रत्येक म्हणणे मान्य करावे असा नाही. जुलै २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्याने सोनी म्युझिकचे प्रमुख टॉमी मोटोला यांना वर्णद्वेष्टे म्हटले, तेव्हा ज्यांच्या व्यासपीठावरून तो बोलला त्या नागरी हक्क नेते अल शार्प्टन यांनीच त्या आरोपापासून अंतर राखले. त्या वेळी जॅक्सन आणि सोनी यांच्यात अल्बमच्या प्रसिद्धीवरून वाद होता आणि प्रकाशन कंपनीत ते भागीदारही होते. कृष्णवर्णीय कलावंतांना रेकॉर्ड कंपन्यांनी दशकानुदशके लुबाडले, हे त्या भाषणातील व्यापक विधान कागदांवर टिकते. एका व्यक्तीविषयीचा आरोप त्यामुळे आपोआप सिद्ध होत नाही, आणि एक आरोप डळमळला म्हणून व्यापक विधानही कोसळत नाही. बहुतेक बातम्यांनी यातले एकच काहीतरी उचलले.

प्रिन्स या कृष्णवर्णीय गायकाने १९९० च्या दशकात वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीशी झालेल्या वादात गालावर ‘गुलाम’ या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला, तेव्हा त्याची भरपूर टिंगल झाली. गौरवर्णीय गायिका टेलर स्विफ्टने मास्टर्सच्या मालकीविषयी २०१९ मध्ये आवाज उठवला तेव्हा तो कलावंतांच्या हक्कांचा प्रश्न म्हणून चर्चिला गेला. फरक वर्णाचा, काळाचा की मधल्या काळात वाचकांना झालेल्या या धंद्याच्या ओळखीचा, हे एका जोडीवरून ठरवू नये. निदान चार-पाच जोड्या गोळा कराव्यात.

पायरी ७: भारतीय दुवा असेल तेथेच जोडावा

खरा दुवा असलेले एक प्रकरण आहे. ट्रूथ हर्ट्स या अमेरिकी गायिकेच्या २००२ मधील ‘ॲडिक्टिव्ह’ या गाण्यात लता मंगेशकरांनी गायलेल्या, बप्पी लाहिरींच्या ‘थोडा रेशम लगता है’चा मोठा तुकडा परवानगीविना वापरला गेला. लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने २००३ मध्ये लाहिरींचे नाव दिल्याशिवाय अल्बमच्या विक्रीला मनाई केली. येथे घेणारे निर्माते कृष्णवर्णीय होते आणि मागे बलाढ्य अमेरिकी कंपनी होती. म्हणजे ‘अनोळखी भाषेतले गाणे विनामालक असते’ ही समजूत एका वर्णाची मक्तेदारी नाही. लतादीदींचा आवाज जगाने ऐकला, पण रचनेच्या श्रेयाचा निकाल संगीतकाराच्या नावाचा होता, हे पहिल्या पायरीशी ताडून पाहावे.

पायरी ८: लिहिताना

‘चोरी’ हा शब्द न्यायालयाने किंवा कागदाने आधार दिला असेल तेथेच वापरावा; एरवी ‘श्रेय दिले नाही’, ‘अत्यल्प मोबदल्यात हक्क घेतले’, ‘कायदेशीर पण विषम करार’ यांपैकी जे खरे असेल ते लिहावे. रकमेसोबत वर्ष द्यावे, कारण १९५५ चे ५० डॉलर आजचे नव्हेत. पॉडकास्टमध्ये गाण्याचा तुकडा लावायचा असेल, तर रचना आणि ध्वनिमुद्रण या दोन्हींच्या मालकांचा विचार करावा. भारतीय कायद्यात समीक्षेसाठी मर्यादित वापराची मुभा आहे, तरी ऑनलाइन मंचांवरील स्वयंचलित यंत्रणा समीक्षा ओळखत नाही आणि तुकडा अडवते. साँगव्ह्यूसारख्या सूचीतून घेतलेल्या प्रत्येक नोंदीसोबत ती पाहिल्याची तारीख लिहून ठेवावी आणि पडद्याचे चित्र जपून ठेवावे, कारण संग्रह विकला गेला की प्रकाशकाच्या रकान्यातील नाव बदलते आणि जुन्या नावाचा मागमूस त्या पानावर राहत नाही.